पाकिटावरचा रंग

आमच्या शेजारचे मधुकरभाऊ प्रिंटर बघायला दुकानात जात, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत एक संत्रं असे. दुकानदार माहिती सांगू लागला की भाऊ ते संत्रं काउंटरवर ठेवत आणि शांतपणे म्हणत, "हे छापून दाखवा."

ईशान, रेवा, तुम्ही मागच्या खेपेला अमरावतीला आलात तेव्हा भाऊ अजून आमच्या गल्लीत राहायला आले नव्हते. त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण माझ्या फ्रिजवर, देवघराच्या दारावर आणि औषधांच्या कपाटावर जे तुमचे फोटो लावले आहेत, ते सगळे त्यांच्या हातून आलेले आहेत. माणसाची ओळख नसताना त्याचं काम वापरत राहणं बरं नव्हे, म्हणून हे लिहिते आहे. भाऊंची बोली वऱ्हाडी आहे. वाचताना अडलं तर बाबांना विचारा. माझ्या लेकाला ती उत्तम येते, आता विसरल्याचं दाखवतो.

भाऊ उंच, सडपातळ, पंचाहत्तरीला टेकलेले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याला कडक इस्त्री, आणि उजव्या हाताची बोटं कायम गुलाबी. ती प्रिंटरची शाई. ती साबणाने जात नाही आणि भाऊही ती घालवायच्या भानगडीत पडत नाहीत.

अकोटला त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. टमाटे, वांगी, मिरची, झेंडू. बियांच्या पाकिटांवर झगझगीत रंगीत चित्रं असत. शेतकरी चित्र बघून पाकीट नेई, आणि पीक आलं की तेच रिकामं पाकीट घेऊन दुकानात उभा राही. "भाऊ, पाकिटावर झेंडू केसरी हाये. माह्या वावरात पिवया निंगाला." बी भाऊंनी तयार केलेलं नसे, चित्र त्यांनी छापलेलं नसे. पण गल्ल्यावर बसलेला माणूस समोर असतो आणि छापणारा कुठेतरी लांब असतो. भाऊंनी जन्मभर दुसऱ्याच्या चित्रापायी बोलणी खाल्ली.

"वयनी," ते मला एकदा म्हणाले, "बी खोटं नव्हतं. चित्र खोटं होतं. छापलं तसं उगवलं पायजे. नाई तं छापू नये."

त्यांच्या पत्नी निर्मलावहिनी गेल्यावर त्यांनी दुकान पुतण्याला दिलं आणि अमरावतीला येऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. पहिले काही महिने ते फक्त सकाळी फिरायला जाताना दिसत आणि मान हलवत. मग एक दिवस ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "वयनी, तुमचं शिक्षण इंग्रजीतून झालं मंते. मले एक खोकं वाचून द्याल काय?"

ते खोकं प्रिंटरचं होतं. तिथून आमची मैत्री झाली.

रंगीत प्रिंटर घरी कशाला हवा, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आता चित्र मी छापणार. पाहू तं द्या, खरा रंग येते का नाई." एवढंच. पण हे ठरल्यावर प्रिंटर निवडायला इतका वेळ लागला की संत्र्याचे वर्षातले दोन्ही बहार येऊन गेले. मधल्या दिवसांत संत्रं मिळेना तेव्हा पिशवीत टमाटा असे.

एका दुकानदाराने त्यांना पोटतिडकीने समजावलं, "काका, घरी वापराले काया-पांढरा लेझर घ्या. शाई वायाची कटकट नाई." भाऊंनी संत्र्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "यानं काय पाप केलं?"

दुसऱ्याने खरंच संत्र्याचा फोटो काढून छापून दिला. भाऊ तो कागद आणि संत्रं घेऊन थेट रस्त्यावर गेले. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही, हा त्यांचा नियम. "टूबलाइटीत सगयेच गोरे दिसतात." भर वर्दळीत, एका हातात कागद आणि एका हातात संत्रं धरून ते आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिले. ऑटोवाले हॉर्न वाजवत बाजूने गेले. मी दुकानाच्या पायरीवर, आपण यांच्याबरोबर नाही असा चेहरा करून उभी होते. भाऊ आत आले. "लालसर मारते," म्हणाले, आणि दुकानदाराचा वेळ घेतला म्हणून संत्रं सोलून त्याला अर्धं दिलं. हे ते प्रत्येक दुकानात करत. काही दिवसांनी दुकानदारच त्यांना हाक मारू लागले, "काका, आज नाई आले आमच्याकडे."

शेवटी त्यांनी शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेतला. त्याला समोर लहान लहान पारदर्शक टाक्या असतात, आत बाटलीने शाई भरायची. बंद डबीची शाई असलेला प्रिंटर त्यांना पटला नाही. "शाई दिसली पायजे. बंद डबीत काय हाये, काय नाई, कोणाले ठाऊक? पाकिटासारखंच झालं ते."

शाई भरायच्या दिवशी मी तिथे होते. काळी, पिवळी, गुलाबी आणि आभाळी, एवढ्याच बाटल्या. भाऊंनी खोकं उलटं करून पाहिलं. "यात संत्र्याची कुठी हाये?" संत्र्याचा रंग पिवळ्या आणि गुलाबीतून होतो, वेगळी शाई नसते, हे मी माहितीपत्रक वाचून सांगितलं. ते बराच वेळ त्या दोन बाटल्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "देवानंबी असंच केलं असन. त्याच्याकडे तरी कुठी इतक्या बाटल्या असतीन."

माहितीपत्रकातली दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी मनाला लावून घेतली. असा प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर शाई आतल्या बारीक छिद्रांत वाळते आणि ती छिद्रं बुजतात. म्हणून तो चालता ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून भाऊ सकाळी गल्लीतल्या एकेका दारात उभे राहू लागले. "काही छापाचं हाये काय? शाई वाहती पायजे."

लोकांना आधी मौज वाटली, मग सवय झाली. कुणाच्या मुलाचं परीक्षेचं हॉलतिकीट, कुणाच्या डोहाळजेवणाची पत्रिका. ज्यांच्याकडे काहीच नसे त्यांच्याकडे भाऊ स्वतः काम शोधत. माझ्या स्वयंपाकघरातल्या तुरीच्या डाळीच्या बरणीवर तुरीच्या डाळीचा रंगीत फोटो चिकटवलेला आहे. बरणी काचेची आहे, डाळ आतून दिसतेच. तरी भाऊंनी तो फोटो बरणीला लावून, खिडकीशी नेऊन, डाळीशी ताडून पाहिला आणि मगच समाधानाने चहा घेतला. मला व्यवस्थित बरण्या आवडतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

पण ही नुसती हौस नव्हे, हे मला लवकरच कळलं. समोरच्या घरातल्या गजाननरावांना मुलीच्या लग्नासाठी तिचा फोटो छापून हवा होता. स्थळाकडे पाठवायचा होता. ते भाऊंना हळूच म्हणाले, "थोडा उजाया देजा भाऊ. कॉम्प्युटरवर होते मंते."

"होते," भाऊ म्हणाले.

"मंग करा ना."

"पोरगी काय पाकीट हाये, गजाननराव? उद्या ते लोक तिले पाहाले येतीन. मंग पोरगी खोटी का फोटो खोटा, काय सांगसान?"

गजाननराव रागावून निघून गेले. संध्याकाळी त्यांची मुलगीच भाऊंकडे आली आणि आहे तसा फोटो छापून घेऊन गेली. एक प्रत तिने स्वतःसाठी मागून घेतली. पुढे तिचं लग्न ठरलं ते त्याच फोटोवर, आणि गजाननरावांनी पत्रिका छापायला पुन्हा भाऊंचंच दार गाठलं.

भाऊंचं सगळंच बरोबर येतं असं समजू नका. पहिल्या मे महिन्यात त्यांनी जे केलं ते फक्त वऱ्हाडातला माणूसच करील. माहितीपत्रकात लिहिलं होतं की खोलीचं तापमान पस्तीस अंशांच्या आत असावं. मी वाचून दाखवलं तेव्हा भाऊंनी विचारलं, "हे लिवणारा मे महिन्यात अकोल्याले आला होता काय?" मग आपल्याकडे उन्हात कुणाचा जीव घाबरा झाला की जे करतात तेच त्यांनी केलं. प्रिंटर उचलला आणि कूलरसमोर नेऊन ठेवला. वाळ्याच्या ताट्या, भरपूर पाणी, गार झोत. प्रिंटर सुखात होता. कागद मात्र दोन दिवसांत न वाळलेल्या पापडासारखे लिबलिबीत झाले. शाई पसरू लागली. त्या आठवड्यात छापलेल्या एका बारशाच्या पत्रिकेत बाळाच्या गालावरून काजळ वाहत गेलं होतं. दुरुस्तीवाला आला, त्याने प्रिंटरकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि विचारलं, "काका, याले पन्हंबी पाजता काय?" तेव्हापासून कूलर शेजारच्या खोलीत असतो, दार अर्धं उघडं असतं आणि प्रिंटरला वारा लागतो, दमट हवा लागत नाही.

आता तुमच्याशी संबंध असलेली गोष्ट. मागच्या हिवाळ्यात टोरांटोहून तुमचा बर्फातला फोटो आला, तो मी भाऊंना छापायला दिला. त्यांनी छापला आणि घेऊन आले, पण चेहरा पडलेला. "वयनी, बर्फ निया आला. पांढरी शाई तं नसतेच, कागदच पांढरा राह्यते. मंग हे निळं कुठून आलं? मशीन बिघडलं." त्यांनी तो पुन्हा छापला, पुन्हा तसाच. मग त्यांनी विचारलं, "त्या पोट्ट्यालेच इचारा ना. थो तिथं उभा होता."

ईशान, तुला आठवत असेल, मी तुला विचारलं होतं. तू बोलून निरोप पाठवलास की संध्याकाळी सावलीतला बर्फ थोडा निळाच दिसतो, आणि त्या दिवशी रेवाचा पुढचा दात बर्फात पडला तो कुणालाच सापडला नाही. भाऊंनी तो निरोप माझ्या फोनवर ऐकला. मग म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा ऐकल्यावर त्यांची कळी खुलली. "मंजे मशीन बरोबर होतं. मलेच बर्फ ठाऊक नव्हता." जाताना त्यांनी विचारलं की निळे फोटो जास्तीचे झाले आहेत, त्यांतला एक ठेवून घेऊ का. मी म्हटलं, घ्या की.

तेव्हापासून ते तुमची चौकशी करू लागले. पोट्टीचा दात आला का? पोट्टा पोहायला घाबरायचा, त्याचं काय झालं? मी सांगत असे. बोलायला विषय हवा, असं मला वाटे.

या मे महिन्यात भाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पुतणी अकोल्याला असते, म्हणून तिथल्या दवाखान्यात. बरे होऊन परत यायला महिना तरी लागणार होता. भाऊ किल्ली घेऊन माझ्याकडे आले. ऑपरेशनबद्दल एक शब्द नाही.

"वयनी, रोज एक पान काढजा. सगये रंग लागले पायजेत. या उन्हात महिनाभर बंद राह्यला तं गेलाच तो."

"गेला तर दुसरा घेऊ, भाऊ."

"दुसरा?" त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "दोन बहार पाहाले आता कोण राह्यते? आन् मशीन नाई तं मी सकायी कोणाच्या दारात काय मनून उभा राहू?"

हे त्यांनी सहज म्हटलं आणि लगेच मला त्यांच्या घरी नेऊन बाटल्यांची झाकणं कशी घट्ट लावायची ते दाखवू लागले. मी मात्र ते वाक्य घेऊनच घरी आले.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी त्यांच्या घरी जाऊन रंगपट्ट्यांचं एक पान काढू लागले. काळी, पिवळी, गुलाबी, आभाळी. दुपारी भाऊंचा फोन यायचा. "सगये आले?" मी म्हणायची, आले. ऑपरेशनच्या दिवशीही सकाळी फोन आला होता.

मग उन्हाचा कडाका वाढला, आणि एका सकाळी पिवळी पट्टी आलीच नाही. तिच्या जागी कोरा कागद. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. भाऊंना नुकतेच टाके पडले होते, त्यांना सांगावं की नाही कळेना. पण दुपारी त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही.

"वयनी, घाबरू नका. आधी त्याचं डोकं धू द्या."

डोकं धुणं म्हणजे यंत्रालाच बटण दाबून आतली छिद्रं साफ करायला लावणं. मी धुतलं. पिवळी नाही.

"आता थांबा. उद्या पाहाजा. घाई केली तं शाईच सरते निस्ती."

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलं. एक फिकट रेघ आली, तुटक तुटक. मी कूलर लावला, दार अर्धं उघडं ठेवलं आणि तिथेच पेपर वाचत बसले. त्याच दिवशी रेवाचा पिवळा रेनकोट घातलेला फोटो माझ्या फोनवर आला होता. शेवटचं एकदा धुऊन झाल्यावर मी पट्ट्यांऐवजी तोच फोटो छापायला लावला. कागद हळूहळू बाहेर आला. आधी आभाळ, मग केस, मग गळ्यापासून खाली कोट, पिवळाधमक.

ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. फोटो पुठ्ठ्यात घालून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले.

भाऊ खाटेवर पडलेले होते, शर्टाऐवजी दवाखान्याचा सैल अंगरखा. त्यांच्या उशाशी पाण्याच्या बाटलीला टेकवून एक फोटो उभा केला होता. तुमचाच, निळ्या बर्फातला. नर्स त्यांचा ताप बघत होती. मला पाहून ती हसली.

"तुमी काकाईच्या घरच्या काय? बरं झालं आल्या. दिवसभर नातवाईचंच सांगून राह्यले आमाले. पोट्टीचा दात बर्फात हरवला ना?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपलेला माणूस इतके घट्ट डोळे मिटत नाही.

"हो," मी नर्सला म्हटलं. "आता नवा आलाय."

"आन् पोट्टा पोहाले शिकला?"

"शिकला. आता पाण्याबाहेर निघत नाही."

ती थर्मामीटर घेऊन गेली. थोड्या वेळाने भाऊंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "गेली काय?"

"गेली."

"मी काही बोललो नव्हतो वयनी. तिनंच इचारलं, नातवंडं हायेत काय. मी फकत मान हालवली."

"दाताचंही मानेनंच सांगितलंत?"

त्यांचे ओठ हलले, पण हसू पुरतं आलं नाही. ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जन्मभर खोट्या चित्रापायी कास्तकाराईच्या शिव्या खाल्ल्या. आन् म्हातारपणी मीच खोटं पाकीट लावून बसलो."

मी पुठ्ठ्यातून रेवाचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. पिवळा पाहताच ते उठू लागले. टाके दुखले असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. "उजेडात धरा," म्हणाले. मी खिडकीचा पडदा सारून फोटो उन्हात धरला. ते मान तिरकी करून बराच वेळ बघत होते.

"बरोबर आलाय का पिवळा?" मी विचारलं.

"कसं सांगू?" भाऊ म्हणाले. "कोट कुठी पाह्यला मी. पोट्टीलेबी कुठी पाह्यलं."

आता भाऊ घरी परत आले आहेत. जड उचलायचं नाही, पण प्रिंटर चालू आहे आणि सकाळी माझ्या दारात हाक येते, "वयनी, काही छापाचं हाये काय?" तुमचा निळा फोटो आता त्यांच्या घरी प्रिंटरच्या वर भिंतीवर आहे, शेजारी पिवळा. निळ्याची खात्री ईशानने करून दिली आहे. पिवळ्याची अजून व्हायची आहे.

रेवा, तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा तो रेनकोट घेऊन ये. आई म्हणेल, अमरावतीला डिसेंबरात कसला पाऊस, बॅगेत जागा नाही. तिला सांग, आजीने सांगितलंय. भाऊंना तो उन्हात, फोटोशी ताडून बघायचा आहे. आणि त्यांच्या दारात जाशील तेव्हा हातात घेऊन जाऊ नकोस. अंगात घालून जा.